समावर्तनापूर्वीच निवड

सन २०१२ च्या जून महिन्याच्या २८ तारखेस अमेरिकेतील न्यूअर्क शहरी धंदेवाईक बास्केटबॉल संघांची वार्षिक सभा भरली होती. या सभेत प्रत्येक संघाने पाळीपाळीने नवे खेळाडू निवडून घ्यावयाचे असतात. त्या रात्री पहिले नाव पुकारले गेले ते अँथनी डेव्हिस याचे, आणि दुसरे मायकेल किड-गिलख्रिस्ट याचे. दोघेही केंटकी विद्यापीठाचे आणि दोघेही कॉलेजच्या पहिल्याच वर्षात शिकणारे. पहिली दोन्ही नावे एकाच विद्यापीठाची निघावीत, असे त्या देशात तोवर कधी घडले नव्हते. रात्र संपण्यापूर्वी त्याच संघातील टेरेन्स जोन्स, मार्क्विस टीग, डोरन लँब आणि डेरियस मिलर हे चौघेही निवडले गेले. म्हणजे सामन्याच्या प्रारंभी मैदानात उतरणारे पाचही गडी, आणि बाकावरून प्रथम उठणारा सहावा, असे सारे एका रात्रीत विद्यालय सोडून धंद्यात गेले. एखाद्या शाळेने मॅट्रिकच्या निकालाची पाटी दरवाजावर टांगावी, तशी केंटकीने ही सहाची संख्या मिरवली. पाटीवरील आकड्यावरून शाळेची परीक्षा करावी काय, हा प्रश्न आम्हां मास्तर लोकांच्या नेहमीच्या परिचयाचा असल्यामुळे, त्या आकड्याच्या मागे काय आहे ते आज पाहू.

ज्या घरांत नातवंडे हा खेळ दूरचित्रवाणीवर पाहतात, तेथील वडील मंडळींस उंच टांगलेल्या कड्यात चेंडू टाकावयाचा, एवढे ठाऊक असेलच. पण निवडीची ही रीत, जिला तिकडे ‘ड्राफ्ट’ म्हणतात, ती मात्र आपल्याकडे सहसा कोणी समजावून सांगत नाही. आपल्या पुराणांतील स्वयंवरात कन्या वर निवडीत असे. येथे ती गोष्ट उलटी आहे. वरमाला संघांच्या हाती असते, आणि ज्याच्या गळ्यात ती पडेल त्याने निमूटपणे त्या गावी जावयाचे. मात्र या रीतीत एक न्यायबुद्धी आहे, ती मला आवडते. मागील वर्षी जे संघ सर्वांत दुर्बळ ठरले, त्यांना निवडीत अग्रमान मिळतो. १९४७ साली ही पद्धत सुरू झाली. पुढे अग्रमानाच्या लोभाने कोणी मुद्दाम हरू नये म्हणून १९८५ पासून पहिल्या क्रमांकांकरिता चिठ्ठ्या टाकण्याची सोय झाली. १९८९ पासून फेऱ्या दोनच राहिल्या, आणि वर सांगितलेल्या सभेत तीस संघांनी मिळून एकंदर ६० नावे घेतली. पहिल्या फेरीत ज्याचे नाव येते, त्याला ठराविक वेतन आणि निदान दोन वर्षांची हमी मिळते. दुसऱ्या फेरीतल्यास तशी हमी नसते. म्हणजे तिसावा आणि एकतिसावा यांत अंतर एका क्रमांकाचे दिसले, तरी एकाच्या घरी वेतनाची निश्चिती असते आणि दुसऱ्याच्या घरी केवळ आशा.

केंटकी विद्यापीठ लेक्सिंग्टन या गावी आहे. या खेळातील त्याची परंपरा जुनी आणि चांगल्या घराण्याची. जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे पीचच्या टोपल्या भिंतीस अडकवून हा खेळ शोधून काढला आणि पुढे तो कॅन्सस विद्यापीठात गेला. तेथे त्याचा शिष्य फॉग ॲलन आणि ॲलनचा शिष्य ॲडॉल्फ रप. या रपने १९३० पासून १९७२ पर्यंत केंटकीचा संघ घडविला आणि ८७६ सामने जिंकले. (खेळ शोधून काढणारा नेस्मिथ स्वतः कॅन्ससच्या संघाचा शिक्षक असताना जिंकण्यापेक्षा अधिक सामने हरला. शास्त्रकार आणि शास्त्री हे नेहमी एकच असतात असे नाही.)

या घराण्याने लौकिकाबरोबर कलंकही पाहिला आहे. रपच्या पाच गड्यांनी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये देशाला सुवर्णपदक मिळवून देण्यात भाग घेतला. पुढच्याच वर्षी त्यांपैकी ॲलेक्स ग्रोझा, राल्फ बीअर्ड आदींनी इंडियानापोलिस येथे स्वतःच्या भागीदारीचा धंदेवाईक संघ उभारला. निवडणाऱ्याच्या दारी न जाता शिष्यांनी स्वतःच पेढी काढावी, अशातला हा प्रकार होता. परंतु १९५१ साली उघडकीस आले की विद्यार्थिदशेत यांतील काहींनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन गुणांचा फरक मुद्दाम कमी ठेवला होता. ग्रोझा आणि बीअर्ड यांना धंदेवाईक खेळाची दारे जन्मभर बंद झाली, आणि केंटकीस १९५२-५३ चा संपूर्ण हंगाम खेळता आला नाही. त्या काळी कॉलेजातील गड्यास उघडपणे एक दमडीही मिळत नसे. खेळ पाहण्यास मात्र हजारो लोक तिकीट काढून येत. ज्या ताटाभोवती सर्वजण जेवतात, त्या ताटातील घास केवळ रांधणाऱ्यानेच घ्यावयाचा नाही, असा नियम केला म्हणजे रांधणारा कधीतरी चोरून खाणारच. यात चोरीचे समर्थन नाही. पण नियम करणाऱ्यांनाही थोडा दोष घ्यावा लागेल.

आता २०१२ च्या संघाकडे वळतो. त्याचा शिक्षक जॉन कॅलिपारी. हा २००९ ते २०२४ पर्यंत तेथे होता. एप्रिल २०१२ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे त्याच्या संघाने कॅन्ससचा, म्हणजे आपल्या आजोळचाच म्हणा ना, ६७-५९ असा पराभव करून विजेतेपद मिळविले. त्या अंतिम सामन्यात डेव्हिसने दहा वेळा मैदानातून चेंडू टाकला आणि एकदाच तो कड्यात गेला. त्याचे सारे गुण सहा. असे असूनही स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. कारण हुकलेले चेंडू त्याने सोळा वेळा झेलले आणि प्रतिपक्षाच्या सहा फेकी हवेतच अडविल्या. गुणपत्रिकेच्या एका रकान्यावरून विद्यार्थी जोखणाऱ्या पालकांनी हा सामना जरूर पाहावा.

सहाव्या मिलरची गोष्ट निराळी. हा केंटकी राज्यातलाच मुलगा, आणि त्या सहांत पूर्ण चार वर्षे राहिलेला तो एकटाच. निवडीत त्याचा क्रमांक ४६ वा, सहांत शेवटचा. प्रथम वर्षाची मुले पहिली दुसरी, आणि चार वर्षे निष्ठेने राहिलेला अखेरीस! आपल्याकडील ज्येष्ठत्वाच्या कल्पनेला हे विपरीत वाटेल. पण निवडणाऱ्यांची दृष्टी निराळी असते. ते आजचे फळ पाहत नाहीत, झाड आणखी किती वाढेल ते पाहतात. बावीस वर्षांचा मुलगा त्यांच्या मते वाढून झालेला असतो.

मुले एका वर्षात का जातात? याचे उत्तर मुलांच्या चंचलतेत शोधू नये, ते नियमात आहे. पूर्वी शाळा सोडून चार वर्षे होईपर्यंत धंदेवाईक संघ कोणाला घेत नसत. स्पेन्सर हेवुड याने त्याविरुद्ध फिर्याद केली आणि १९७१ साली तो निर्बंध ढासळला. १९९६ साली कोबी ब्रायंट आणि २००३ साली लेब्रॉन जेम्स हे शाळेच्या बाकावरून थेट धंद्यात गेले. २००५ च्या करारात मात्र ठरले की मुलाचे वय निवडीच्या वर्षी १९ असावे आणि शाळा सोडून एक वर्ष लोटलेले असावे. हे एक वर्ष घालविण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे कॉलेज. तेथे पहिल्या सहामाहीत थोडे विषय उत्तीर्ण केले की दुसऱ्या सहामाहीत खेळता येते. एप्रिलमध्ये स्पर्धा संपते, आणि विद्यार्थी निघून जातो. आपल्या शास्त्राप्रमाणे विद्या पूर्ण झाल्यावर समावर्तनाचे स्नान करून शिष्य स्नातक होतो आणि मग गृहस्थाश्रमाकडे वळतो. येथे उपनयनाच्या मांडवातूनच मुलगा चाकरीवर निघाला.

मला या मुलांस नावे ठेवाविशी वाटत नाहीत. एका दुखापतीने ज्याचे सारे भवितव्य संपू शकते, त्याने दारी आलेले कोट्यवधींचे वेतन पदवीकरिता थांबवून धरावे, असा उपदेश करण्यास फार मोठे पेन्शन पाठीशी हवे. मला नवल वाटते ते गुरुकुलाचे. रघुवंशातील कौत्साची कथा वाचकांस स्मरत असेल. वरतंतु ऋषी दक्षिणा नको म्हणत होते. शिष्याने फारच आग्रह केला तेव्हा रागावून त्यांनी चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी मागितल्या. केंटकीत क्रम बदलला आहे. गुरूला वर्षाकाठी लक्षावधी डॉलर शिष्याच्या खेळावर आधीच मिळत, आणि शिष्यास २०२१ पर्यंत शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची मुभा नव्हती. त्या वर्षापासून खेळाडूंस आपल्या नावावर पैसे मिळविता येऊ लागले, आणि २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने विद्यापीठांनी त्यांस थेट पैसे देण्याची वाटही मोकळी झाली. ग्रोझा-बीअर्डनंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी!

मनावर घेतले तर दोन्ही साधते, हेही सांगितले पाहिजे. २०१० साली केंटकीचे पाच जण पहिल्याच फेरीत निवडले गेले. त्यांतील पॅट्रिक पॅटरसन याने तीन वर्षांत पदवी पुरी केली होती, आणि तरीही तो १४ वा निवडला गेला.

सर्वांत अधिक चटका लावणारी हकीकत २०१५ सालची आहे. टेक्ससचे अँड्र्यू आणि एरन हॅरिसन हे जुळे बंधू एकाच वेळी केंटकीत आले. २०१४ च्या स्पर्धेत लुइव्हिल, मिशिगन आणि विस्कॉन्सिन यांच्याविरुद्ध लागोपाठ तीन सामन्यांत अगदी अखेरच्या क्षणी तीन गुणांची फेक करून एरनने संघ तारला. दोघांत कीर्ती त्याची अधिक झाली. दोघांनी दुसरे वर्षही तेथेच काढले. त्या वर्षी संघात इतके गुणी गडी जमले की कॅलिपारी पाच-पाचांच्या दोन तुकड्या आळीपाळीने उतरवी. ३८ सामने जिंकून उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून एकच सामना ते हरले. २५ जून २०१५ रोजी ब्रुकलिन येथे निवड झाली तेव्हा कार्ल-अँथनी टाउन्स पहिला, आणि पुन्हा एकंदर सहा नावे केंटकीची. अँड्र्यूचे नाव ४४ वे आले. त्यानंतर ४८ वे डकारी जॉन्सन याचे. ५२ वे नाव, ऐकून आपल्यास कौतुक वाटेल, पंजाबातील बल्लो के या खेड्याच्या सतनाम सिंग याचे होते. भारतात जन्मलेला निवडला गेलेला तो पहिलाच खेळाडू. साठ नावे संपली. एरनचे नाव आले नाही.

एका उदरातून, एका शाळेतून, एका संघातून आलेल्या दोघांपैकी एकास बोलावणे आले आणि दुसरा बसून राहिला. पाटीवर मात्र सहाच लिहिले गेले. सातव्याकरिता पाटीवर रकाना नसतो. पुढे शार्लट येथील संघाने एरनला न निवडताच आपल्याकडे घेतले आणि तो थोडे सामने खेळला. त्याच रात्री १३ वा निवडला गेलेला डेव्हिन बुकर केंटकीत बाकावरून उठून खेळणारा होता. त्याने वयाच्या विसाव्या वर्षी, २०१७ साली, बॉस्टनविरुद्ध एका सामन्यात ७० गुण केले. २०१८ साली निवडलेला शे गिल्जस-अलेक्झांडर ११ वा होता. २०२५ साली तो वर्षाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला आणि त्याच्या ओक्लाहोमा सिटी संघाने विजेतेपदही मिळविले. त्याच्या आधी दहा जणांची नावे घेणाऱ्या जाणकारांस काय वाटले असेल!

आणि तो दुसऱ्या क्रमांकाचा किड-गिलख्रिस्ट? त्याचीही निवड शार्लटच्याच संघाने केली होती. क्रमांकाला साजेशी कीर्ती त्याला लाभली नाही, आणि २०२० नंतर तो त्या संघांतून दिसला नाही. त्याला लहानपणापासून बोलताना अडखळण्याची व्यथा आहे. वर्गात उत्तर ठाऊक असूनही हात वर न करणारी अशी मुले प्रत्येक मास्तराने पाहिली आहेत. खेळ सुटल्यावर त्याने अशा माणसांकरिता एक संस्था काढली, आणि आता तो ठिकठिकाणी उभा राहून, अडखळत, चारचौघांसमोर बोलतो.