गणित सोडण्याची घाई नको

दहावीचा निकाल लागला की वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड, मानोरा, कारंज्यातले पालक मुलांना घेऊन नेट कॅफेत अकरावीचा अर्ज भरायला बसतात. २०२५ पासून ही प्रवेशप्रक्रिया राज्यभर ऑनलाइन झाली आहे. डॉक्टर व्हायचं ठरलं की जीवशास्त्र घेतलं जातं आणि गणितावर फुली मारली जाते.

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला गणित लागत नाही, हे खरं.

पण अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या सीईटीच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात २०० पैकी १०० गुण गणिताचेच असतात. नीटमध्ये गुण कमी पडले, तर गणित सोडलेल्या मुलामुलींना अभियांत्रिकीची वाट जवळजवळ बंद होते. कृषी आणि फार्मसी मात्र गणिताच्या आणि जीवशास्त्राच्या अशा दोन्ही गटांना खुल्या आहेत. झेपत असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय घ्यावेत. वाशीमच्या कनिष्ठ महाविद्यालयांनी हा हिशोब अर्ज भरण्याआधीच पालकांपुढे मांडावा.