टेलच्या तालुक्याचे पाणी
प्रति, सांगोला विधानसभा मतदारसंघाचे लोकप्रतिनिधी

सांगोला तालुक्याला पाणी द्यायच्या योजना एकापेक्षा जास्त आहेत आणि त्या सगळ्यांच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, सांगोला आहे. वीर धरणातून निघणारा नीरा उजवा कालवा खंडाळा, फलटण, माळशिरस आणि पंढरपूर भिजवून मग इथे पोचतो. कराडजवळ कृष्णेतून टप्प्याटप्प्याने उचललेले टेंभूचे पाणी कडेगाव, खानापूर, आटपाडी करत माण नदीच्या खोऱ्यात उतरते. म्हैसाळ योजनेची वाट मिरज, कवठेमहांकाळ, जत या भागातून येते. उजनीच्या पाण्यावरच्या उपसा योजनेची आता त्यात भर पडते आहे. वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या तालुक्याचा पाणीप्रश्न म्हणूनच तालुक्याच्या हद्दीत सुटत नाही. तो वरच्या तालुक्यांत, दुसऱ्या जिल्ह्यांत, सिंचन भवनात आणि मंत्रालयात सुटतो किंवा अडतो. सांगोल्याच्या आमदाराचे काम इतर मतदारसंघांतल्या आमदाराहून वेगळे ठरते ते यामुळे.

गणपतराव ऊर्फ आबासाहेब देशमुख यांना हे नेमके उमगले होते. शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर ते 1962 साली पहिल्यांदा निवडून आले. 1972 आणि 1995 या दोन पराभवांचा अपवाद सोडला तर 2014 पर्यंत सांगोल्याने त्यांनाच विधानसभेत पाठवले, एकूण अकरा वेळा. एसटीने प्रवास करणारा साधा आमदार ही त्यांची ख्याती महाराष्ट्रभर झाली आणि ती खरीही होती. पण आबासाहेबांच्या कामाचे मोल केवळ साधेपणात शोधणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. 1993 साली आटपाडीत दुष्काळी तेरा तालुक्यांची पाणी परिषद भरली. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्यासह गणपतराव त्या चळवळीत उभे राहिले. सातारा, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांतले शेतकरी एका मागणीवर एकत्र आले: कृष्णेचे पाणी दुष्काळी पट्ट्याला मिळाले पाहिजे. वरच्या तालुक्याशी भांडून टेलला पाणी येत नाही, त्याला सोबत घेतले तरच येते, हे त्या परिषदेने दाखवून दिले. टेंभूला मंजुरी मिळाली ती त्यानंतर, आणि पाणी प्रत्यक्ष माणच्या पात्रात यायला पुढची कित्येक वर्षे गेली.

पाणी आणण्याचा लढा मोठा होता. आलेले पाणी वेळेवर, मोजून आणि टेलपर्यंत मिळत राहील असे पाहणे हे आजचे काम आहे. त्यात भूमिपूजन नाही, कोनशिला नाही, म्हणून ते मागे पडते.

आवर्तनाचेच, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीचेच पाहावे. 15 ऑक्टोबरला रब्बी हंगाम सुरू होतो. त्याआधी कालवा सल्लागार समितीची बैठक होऊन धरणातला साठा, आवर्तनांची संख्या आणि तारखा ठरायला हव्यात. शेतकऱ्याला ज्वारी पेरायची की हरभरा, डाळिंबाचा कोणता बहार धरायचा, हे याच तारखांवर ठरते. बैठक लांबली की सगळे अंदाजाने चालते. डाळिंबाची बाग ताणावर सोडलेली असते. पानगळ होते, छाटणी होते आणि मग पहिले पाणी ठरल्या दिवशी लागते. ते पंधरा दिवस पुढे गेले तर बहार फिसकटतो. तेल्या, मर आणि खोडकिड्याने बागा उपटाव्या लागलेल्या शेतकऱ्याने पुन्हा कर्ज काढून लावलेली ही झाडे असतात. पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरून, पाणीपट्टी भरून तो थांबलेला असतो, आणि वरच्या बाजूला दारे उघडीच राहिल्याने त्याच्या चारीत धार येते तेव्हा आवर्तन संपत आलेले असते. आवर्तन टेलकडून वर भरत आणायचे, हा पाटबंधारे खात्याला चांगला ठाऊक असलेला संकेत आहे. तो पाळला जातो की नाही, यावर लोकप्रतिनिधीची नजर हवी.

उपसा योजनांत याला विजेच्या बिलाची जोड मिळते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांच्या वीजबिलाचा 81 टक्के भार शासनाने आणि 19 टक्के लाभधारकांनी उचलायचा, असे ठरले आहे. हा निर्णय दुष्काळी भागाला मोठा आधार आहे. मात्र 19 टक्क्यांची वसुलीसुद्धा पाणी मोजल्याशिवाय न्यायाने होत नाही. सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या कायद्यानुसार पाणीवापर संस्था स्थापन कराव्यात, त्यांना घनमापन पद्धतीने पाणी मिळावे, हा त्यावरचा मार्ग आहे. संस्था कागदावर नोंदवून भागत नाही. सचिवाला हिशेब शिकवावा लागतो, मीटर बसवून चालू ठेवावा लागतो.

पिण्याच्या पाण्याची गोष्टही याच वळणाने जाते. भीमेच्या पाण्यावरची शिरभावी प्रादेशिक योजना तालुक्यातल्या ऐंशीहून अधिक गावांसाठी आहे. इतक्या लांबीच्या जलवाहिनीचा जीव तिच्या एअर व्हॉल्व्हमध्ये असतो. रानात एखादा व्हॉल्व्ह कोणी ढिला केला की तिथे डबके साचते, जनावरे पाण्यावर येतात, आणि पुढच्या गावच्या टाकीत पाणी चढत नाही. व्हॉल्व्ह ढिला करणाऱ्याची गरज खोटी नसते. त्याच्या वस्तीला नळ नसतो. तिथे गुन्हा नोंदवण्याआधी वस्तीला रीतसर जोडणी देणे हाच टिकाऊ उपाय आहे. ग्रामपंचायतींची पाणीपट्टी थकली की योजनेचे वीजबिल थकते, महावितरण जोडणी तोडते, आणि ज्यांनी पट्टी वेळेवर भरली ती गावेही कोरडी पडतात.

सांगोल्याच्या लोकप्रतिनिधीकडून या घडीला अपेक्षा मोजक्या आहेत. कालवा सल्लागार समितीची बैठक रब्बीच्या आधी व्हावी आणि आवर्तनाच्या तारखा गावोगावच्या चावडीवर लागाव्यात. प्रत्येक आवर्तनात टेलच्या गावाला किती पाणी पोचले, याचा आकडा खात्याने जाहीर करावा. शिरभावी योजनेच्या देखभालीसाठी दरवर्षी खात्रीची तरतूद असावी. आणि आटपाडी, खानापूर, जत, माळशिरस, पंढरपूर या तालुक्यांच्या आमदारांसोबत, पक्ष कोणताही असो, हंगामापूर्वी एक एकत्र बैठक दरवर्षी व्हावी.