पिल्लाची शू आणि माणसाचा धीर

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की पहिल्या आठवड्यातच तक्रार सुरू होते: सारखी शू करते. सोफ्याखाली, पायपुसण्यावर, देवघरासमोर, आत्ताच पुसलेल्या फरशीवर. मग शेजारीपाजारी आणि पाहुणे सल्ले देऊ लागतात. नाक त्यातच घासा, वर्तमानपत्राची गुंडाळी करून एक फटका द्या, संध्याकाळनंतर पाणी बंद करा, गॅलरीत बांधून ठेवा. या सगळ्या सल्ल्यांमागे एकच समजूत असते, की पिल्लाला सगळे कळते पण ते मुद्दाम ऐकत नाही. ही समजूतच चुकीची आहे. सारखी शू करणारे पिल्लू हट्टी नसते. त्याच्या शरीराची वाढ अजून व्हायची असते, नाहीतर त्याला काही दुखणे असते, नाहीतर त्याला वेळेवर योग्य जागी कुणी नेलेले नसते. तिन्ही बाबतींत काम माणसाचे आहे, आणि त्यात मारण्याला कुठेही जागा नाही.

आधी वाढीचे पाहू. दोन महिन्यांच्या पिल्लाचे मूत्राशय लहान असते आणि लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूंवर त्याचा पुरता ताबा आलेला नसतो. प्रशिक्षक एक ढोबळ हिशेब सांगतात: पिल्लाच्या वयाच्या महिन्यांत एक मिळवा, फार तर तेवढे तास ते थांबू शकेल. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास, आणि तेही शांत पडून असताना. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्या-प्यायल्यावर आणि खेळ रंगात आल्यावर त्याला लगेच जावे लागते. जागेपणी दर तासाला शू होणे या वयात नवलाचे नाही. ताबा यायला सहसा चार ते सहा महिन्यांचे वय उजाडते, काही पिल्लांना त्याहून वेळ लागतो. कुत्र्यांच्या प्रजनन व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. ‘लवकर लळा लागेल’ म्हणून त्याहून लहान पिल्लू आणणाऱ्यांनी तर त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षाच ठेवू नये. तान्ह्या बाळाने दुपटे भिजवले म्हणून आपण त्याला रागवत नाही; इथेही तोच न्याय लागू आहे.

पण ‘लहान आहे, होईल ठीक’ म्हणून सगळेच सोडून देणेही धोक्याचे आहे. पिल्लू पुन्हा पुन्हा बसते, कुंथते आणि दोन-चार थेंबच येतात. लघवीला रक्ताची छटा किंवा उग्र वास असतो. ते ती जागा सारखी चाटत राहते. शिकलेले पिल्लू अचानक पुन्हा घरात करू लागते. यांतले काहीही दिसले तर मूत्रमार्गाच्या संसर्गाची शंका घ्यायला हवी. माद्यांमध्ये हा संसर्ग अधिक आढळतो. झोपेतच अंथरूण ओले होत असेल, लघवी सतत ठिबकत असेल, तर मूत्रपिंडाकडून येणारी नळी जन्मतःच चुकीच्या जागी जोडलेली असू शकते. पाण्याचे भांडे वारंवार रिकामे होत असेल तर मूत्रपिंडाचीही तपासणी हवी. अशा वेळी स्वच्छ डबीत लघवीचा ताजा नमुना घेऊन पशुवैद्याकडे जावे. ज्याला जळजळ होते आहे, त्याला शिस्त लावता येत नाही. आणखी एक प्रकार वेगळाच आहे. कुणी अंगावर वाकले किंवा आवाज चढवला की काही पिल्ले कान मागे पाडतात, शेपूट पायांत घालतात आणि जागीच थोडी शू करतात. ही भीतीतून आलेली शरणागती आहे. तिच्यावर ओरडले तर भीती वाढते आणि शूही वाढते.

दुखणे नाही हे ठरले की उरते ते वेळापत्रक. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि झोपण्यापूर्वी पिल्लाला त्याच एका जागी न्यायचे. लसींचा क्रम पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, रस्त्यावर पार्वो विषाणूचा धोका असतो. तोवर गॅलरीतला मातीचा किंवा हिरवळीचा ट्रे, नाहीतर वर्तमानपत्र चालते. खेळता खेळता ते अचानक बाजूला झाले, जमीन हुंगत गोल फिरू लागले, की तोच क्षण उचलून न्यायचा. तिथे शू झाली की काही सेकंदांत शाबासकी आणि खाऊ. घरात परत आल्यावर दिलेला खाऊ कशाबद्दल होता हे त्याला उमगत नाही. चुकून घरात झालीच, तर अमोनिया असलेल्या द्रावणाने पुसू नये, कारण तो वास लघवीशी मिळताजुळता असतो. वास मुळापासून घालवणारे एन्झाइमयुक्त क्लीनर वापरले, तर पिल्लू त्याच कोपऱ्याकडे पुन्हा ओढले जाण्याची शक्यता कमी होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: पूर्वी नाक घासूनच कुत्री शिकायची. ती शिकली हे खरे, पण मारले म्हणून शिकली हे त्यातून सिद्ध होत नाही. चार-सहा महिन्यांत मूत्राशय मोठे झाले, ताबा आला, आणि श्रेय माराला मिळाले. मार खाल्लेले पिल्लू एवढेच शिकते, की माणसासमोर शू करणे धोक्याचे आहे. मग ते पलंगाखाली लपून करते, आणि बाहेर नेल्यावर मालक शेजारी उभा असताना करतच नाही. दुसरा आक्षेप असा, की चूक त्याला कळते, चेहरा बघा ना कसा अपराधी होतो. संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्र्यांचा हा ‘अपराधी’ चेहरा त्यांनी चूक केली होती की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसत असे. पोर्तुगालमधील ९२ कुत्र्यांच्या २०२० मधील अभ्यासातही, शिक्षेवर भर देणाऱ्या प्रशिक्षणातील कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे अधिक आढळली.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: दोघेही नोकरीला, दर दोन तासांनी पिल्लाला नेणार कोण? ही अडचण मान्य करायलाच हवी. पण तिचा भार पिल्लावर टाकता येत नाही. पाणी तोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ते जिवावर बेतू शकते, आणि लघवी घट्ट झाली की मूत्रमार्गाचा त्रास वाढण्याची भीती असते. दिवसभर गॅलरीत बांधून ठेवणे हाही उपाय नव्हे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला मारहाण करणे आणि अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे ही क्रूरता आहे. दुपारी येऊन पिल्लाला नेणारे कुणी असेल, घरात आजी-आजोबा असतील, आलटून-पालटून रजा घेता येत असेल, तर मार्ग निघतो. यांतले काहीच जमत नसेल, तर पिल्लाऐवजी घरात राहण्याची सवय झालेले प्रौढ कुत्रे दत्तक घ्यावे.

म्हणूनच पिल्लू आणण्याचा निर्णय जातीवरून आणि रंगावरून होऊ नये. पहिले तीन-चार महिने सकाळी, दुपारी, रात्री आणि मध्यरात्री त्याला कोण नेणार, याचा तक्ता आधी घरात ठरावा. पिल्लू देणाऱ्यांनीही तो विचारल्याशिवाय पिल्लू हवाली करू नये. पशुवैद्यांनी पहिल्या लसीच्या वेळीच लसपत्रकासोबत शूच्या वेळांविषयीही पालकांना सांगावे. तसे झाले, तर पुढे ‘शिकतच नाही’ म्हणून रस्त्यावर सोडून दिले जाण्याची वेळ कितीतरी पिल्लांवर येणारच नाही.