विश्लेषण : जानेवारीत एकही खेळाडू न घेणे आर्सेनलला किती महागात पडले?

इंग्लिश प्रीमियर लीगचा २०२४-२५ चा हंगाम २५ मे रोजी संपला. लिव्हरपूल ८४ गुणांसह विजेते ठरले, तर ७४ गुण मिळवणारा आर्सेनल सलग तिसऱ्यांदा उपविजेता राहिला. २००३-०४ नंतर तोवर या क्लबला लीग जिंकता आलेली नव्हती. मात्र चाहत्यांचा वाद शेवटच्या सामन्याभोवती नाही, तर ३ फेब्रुवारी या तारखेभोवती फिरत होता. त्या रात्री हिवाळी ट्रान्सफर विंडो बंद झाली आणि आर्सेनलने एकही खेळाडू घेतलेला नव्हता.

तेव्हा संघाची अवस्था काय होती?

बुकायो साका डिसेंबरमध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध मांडीचा स्नायू दुखावून बाहेर गेला. १२ जानेवारीला एफए कपमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध गॅब्रिएल जेसूसच्या गुडघ्याचा अस्थिबंध (एसीएल) तुटला आणि त्याचा हंगामच संपला. उरला काय हावर्ट्झ, जो मुळात अस्सल स्ट्रायकर नव्हे. तरीही २ फेब्रुवारीला आर्सेनलने मँचेस्टर सिटीला ५-१ असे लोळवले. २४ सामन्यांत ५० गुण झाले. लिव्हरपूलचे एक सामना कमी खेळून ५६ होते. शर्यत संपलेली नव्हती, म्हणूनच दुसऱ्या दिवशीच्या शांततेने चाहते अधिक चिडले.

पुढचे दोन आठवडे क्रूर ठरले. लीग कपच्या उपांत्य फेरीत न्यूकॅसलविरुद्ध गॅब्रिएल मार्टिनेली जखमी झाला. पाठोपाठ दुबईतील सराव शिबिरात हावर्ट्झही. १५ फेब्रुवारीला लेस्टरविरुद्ध मिकेल मेरिनो या मध्यरक्षकाला बदली खेळाडू म्हणून चक्क आघाडीला उतरवावे लागले. त्याने दोन गोल करून सामना जिंकून दिला, हा भाग वेगळा. पुढच्याच आठवड्यात घरच्या मैदानावर वेस्ट हॅमकडून ०-१ अशी हार आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टशी गोलशून्य बरोबरी झाली.

प्रयत्नच झाला नाही का?

झाला. आर्सेनलने अॅस्टन व्हिलाच्या ऑली वॉटकिन्ससाठी बोली लावली होती. वॉटकिन्स लहानपणापासूनचा आर्सेनल समर्थक, त्यामुळे चाहत्यांच्या आशा जरा जास्तच पल्लवित झाल्या. पण त्याच आठवड्यात व्हिलाचा दुसरा स्ट्रायकर जॉन डुरान सहा कोटी पौंडांहून अधिक रकमेला सौदी अरेबियाच्या अल नासरकडे निघाला होता. चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारा क्लब एकाच आठवड्यात दोन्ही स्ट्रायकर कसे सोडेल? बोली फेटाळली गेली. विंडो बंद झाल्यावर प्रशिक्षक मिकेल अर्टेटा यांनी निराशा लपवली नाही, मात्र केवळ भरती म्हणून कुणालाही घ्यायचे नाही ही शिस्त पाळल्याचेही सांगितले. चाहत्यांमध्ये फूट पडली ती नेमकी या ‘शिस्ती’वरून.

जानेवारीतील खरेदी इतकी अवघड का?

फिफाने २००२-०३ पासून खरेदी-विक्री दोन कालावधींत बांधून टाकली. उन्हाळ्यात सगळेच क्लब संघ बांधत असतात. जानेवारीत मात्र चांगला स्ट्रायकर सोडणाऱ्या क्लबला त्याची जागा भरायला चार-सहा दिवस उरतात. त्यामुळे हा बाजार गरजवंताचा, आणि भाव ठरवतो तो विकणारा.

त्यात प्रीमियर लीगचे तेव्हाचे आर्थिक नियम. तीन वर्षांत कमाल १०.५ कोटी पौंडांचा तोटा चालत असे. मर्यादा ओलांडल्याबद्दल २०२३-२४ मध्ये एव्हर्टन आणि फॉरेस्टचे गुण कापले गेले होते. खरेदीची रक्कम कराराच्या वर्षांत विभागून हिशेबात धरतात. सहा कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर वर्षाला १.२ कोटी, शिवाय पगार. म्हणजे जानेवारीत घाईने घेतलेला खेळाडू पुढच्या चार उन्हाळ्यांच्या खरेदीतला वाटा आधीच खाऊन बसतो. ‘घ्या कुणीही’ म्हणणाऱ्या गटाकडे याचे उत्तर नाही. मात्र उसना खेळाडू घेण्याचा मार्ग खुला होता. डुरान गेल्यावर व्हिलाने मार्कस रॅशफर्ड आणि मार्को असेन्सिओ यांना असेच आणले.

मागचे अनुभव काय सांगतात?

दोन्ही गटांना हवे ते सांगतात. जानेवारी २०२३ मध्ये आर्सेनल मिखाइलो मुद्रिकच्या मागे होते. चेल्सीने जास्त पैसे मोजून, साडेआठ वर्षांचा करार देऊन तो पळवला. त्याच महिन्यात त्यांनी एन्झो फर्नांडेझवर दहा कोटी पौंडांहून अधिक उधळले आणि हंगामात बारावे आले. आर्सेनलने मुद्रिकऐवजी बऱ्याच कमी किमतीत घेतलेला लिआंद्रो ट्रोसार्ड २०२४-२५ मध्येही उपयोगी पडत होता.

याउलट जानेवारी २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीने ओमर मार्मूश, निको गोंझालेझ, अब्दुकोदिर खुसानोव्ह आणि व्हितोर रीस यांच्यावर १७ कोटी पौंडांहून अधिक खर्च केला. आर्सेनलकडून ५-१ अशी हार झाली तेव्हा सिटीचे २४ सामन्यांत ४१ गुण होते. उरलेल्या १४ सामन्यांत त्यांनी ३० गुण मिळवले, आर्सेनलने २४. आणि विजेत्या लिव्हरपूलने? जानेवारीत एकही खेळाडू घेतला नाही. अर्थात त्यांच्याकडे मोहम्मद सलाह होता आणि तो तंदुरुस्त होता.

मग विजेतेपद जानेवारीतच हुकले का?

आकडे तसे सांगत नाहीत. पहिल्या २४ सामन्यांतला आर्सेनलचा वेग कायम राहिला असता, तर शेवटच्या १४ सामन्यांत २४ ऐवजी साधारण २९ गुण झाले असते. एकूण ७९. लिव्हरपूलने २७ एप्रिलला चार सामने राखून विजेतेपद निश्चित केले तेव्हाच त्यांचे ८२ गुण होते. याआधीची गळती मोठी होती. ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान ब्रायटन, सिटी आणि बोर्नमथविरुद्ध लाल कार्डे मिळाली आणि त्या तीन सामन्यांतच सात गुण गेले.

खरा दोष २०२४ च्या उन्हाळ्याकडे जातो. एडी एनकेटिया पॅलेसला आणि एमिल स्मिथ रो फुलहॅमला विकले, रीस नेल्सन उसना दिला. पहिले दोघे क्लबच्या अकादमीतले, त्यामुळे त्यांची जवळपास सगळी रक्कम हिशेबात नफा ठरते. पण बदल्यात स्ट्रायकर आला नाही. शेवटच्या दिवशी रहीम स्टर्लिंग उसना आला. नोव्हेंबरमध्ये क्रीडा संचालक एडू यांनी पद सोडले आणि जानेवारीची खरेदी हंगामी व्यवस्थेकडे आली. आदल्या हंगामात ९१ गोल करणाऱ्या संघाचे २०२४-२५ मध्ये ६९ झाले, ही घसरण एका महिन्याची नव्हे. तरी चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिदला ५-१ अशा गोलसंख्येने हरवणारा हा संघ उपांत्य फेरीत पॅरिस सेंट-जर्मेनकडून १-३ असा बाहेर पडला. तिथे एक नेमबाज आघाडीपटू असता तर, हा चाहत्यांचा प्रश्न लीगपेक्षा जास्त वजनाचा आहे.

पुढे काय?

अॅटलेटिको माद्रिदहून आलेले आंद्रेआ बेर्टा मार्च २०२५ च्या अखेरीस क्रीडा संचालक झाले. २०२५ चा उन्हाळा हा त्यांचा पहिलाच होता. जेसूस २०२५-२६ हंगामाच्या सुरुवातीला उपलब्ध नव्हता. शिवाय जॉर्जिन्यो आणि थॉमस पार्टी यांचे करार ३० जून २०२५ पर्यंतच होते, म्हणजे स्ट्रायकरसाठी ठेवलेल्या पैशांतून मध्यफळीही भरावी लागणार होती.