मांजराच्या हनुवटीवरचे काळे दाणे

मांजराच्या हनुवटीवर आणि खालच्या ओठाच्या कडेने मिरपूड सांडल्यासारखे बारीक काळे कण दिसतात. मालकाला ती माती वाटते किंवा पिसवांची घाण वाटते. फडक्याने पुसून ते पुरते निघत नाहीत, कारण ते केसांवर नसून केसांच्या मुळांत रुतलेले असतात. हेच कॉमेडोन, आणि या विकाराला ‘फेलाइन ॲक्ने’ किंवा हनुवटीचे मुरूम म्हणतात. नावामुळे वयात येणाऱ्या मुलांचे मुरूम आठवतात, पण हा वयात येण्याचा आजार नाही. तो कोणत्याही वयाच्या मांजराला होतो, बोक्याला तसाच मांजरीला, गावठीला तसाच पर्शियनला. काही मांजरांना तो आयुष्यात एकदाच होतो, काहींना बरा होऊन पुन्हा उलटतो आणि काहींची हनुवटी जन्मभर तशीच राहते. पहिल्या भेटीत मांजर यांपैकी कोणत्या गटात बसेल हे सांगता येत नाही. म्हणून उपचारही वर्षानुवर्षे पेलतील असेच निवडावे लागतात.

हनुवटीच्या त्वचेत मोठ्या तैलग्रंथी दाटीने असतात. मांजर दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला किंवा घरच्या माणसाच्या पोटरीला हनुवटी घासते, तेव्हा याच ग्रंथींचा गंध ते तिथे ठेवून जाते. शिवाय सगळे अंग चाटून स्वच्छ ठेवणाऱ्या या प्राण्याची जीभ स्वतःच्या हनुवटीपर्यंत पोहोचत नाही. केसाच्या कूपात केराटिन वाजवीपेक्षा जास्त तयार झाले की ते तेलकट स्रावात मिसळते आणि तोंडाशी बूच बसते. बुचाचा काळा रंग हा मळ नव्हे, म्हणून घासून तो जात नाही. इथवर दुखणे फक्त दिसण्यापुरते असते. पुढे बुचाच्या मागे जंतू वाढले की पुटकुळ्या येतात. कूपाची भिंत आतल्या आत फुटली की केस आणि केराटिन त्वचेच्या खोल थरात शिरतात आणि शरीर त्यांच्याशी परक्या वस्तूसारखे वागते. मग हनुवटी सुजते, रक्तमिश्रित पू वाहतो, जबड्याखालची लसिका ग्रंथी मोठी होते आणि मांजर तोंडाला हात लावू देत नाही. काळे ठिपके आणि वाहते गळू ही एकाच विकाराची दोन टोके असली, तरी त्यांचे उपचार एक नाहीत.

मूळ कारण सिद्ध झालेले नाही. केराटिनचा दोष, स्वच्छतेतली कुचराई, ताण, विषाणू, ॲलर्जी अशी संशयितांची यादी बरीच आहे. प्लास्टिकच्या भांड्याचे नाव त्यात सर्वांत आधी घेतले जाते. चरे पडलेल्या प्लास्टिकमध्ये अन्नाचा तेलकट थर आणि जंतू साठतात, हे खरेच आहे. पण भांडे बदलल्याने प्रत्येक मांजर बरे होत नाही. तरीही हा सल्ला द्यावा, कारण त्यात तोटा काहीच नाही आणि आपल्याकडे स्टीलची पसरट ताटली प्रत्येक घरात असते. ती रोज घासली जाणे मात्र महत्त्वाचे.

या विकारात खरी चूक उपचारात होत नाही, तपासणीत होते. काळे ठिपके दिसले की टेबलावरच नाव ठरते आणि हात मलमाकडे जातो. त्याआधीची तपासणी पाच-दहा मिनिटांची आहे. बारीक फणीने निघालेले कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवून दाबावेत. भोवती तांबूस वलय पसरले तर ते पिसवांच्या विष्ठेतले रक्त. कॉमेडोनचा कण तसाच काळा राहतो. त्यानंतर सेलोटेप हनुवटीवर दाबून किंवा ताजी पुटकुळी अलगद फोडून स्लाइड करावी. न्यूट्रोफिलच्या पोटात गोल जंतू दिसले तर संसर्ग खरा आहे. पेशींशिवाय नुसते विखुरलेले जंतू दिसले तर ते त्वचेवरचे नेहमीचे रहिवासीही असू शकतात. भुईमुगाच्या शेंगेसारख्या, मध्ये चिमटलेल्या पेशी म्हणजे मॅलासेझिया. तो सापडला तर मुरुमांचे औषध कितीही दिले तरी हनुवटी चिकटच राहते. ओठाजवळचे काही केस उपटून लिक्विड पॅराफिनच्या थेंबात पाहिले की डेमोडेक्सही शोधता येतो आणि केसाचा दांडा बुरशीने पोखरला आहे का हेही कळते.

बुरशीचा प्रश्न वेगळा अधोरेखित करायला हवा. मायक्रोस्पोरम कॅनिसची बाधा हनुवटीवर अगदी मुरुमांसारखी दिसू शकते आणि ती मांजराला गालाशी धरणाऱ्या मुलांच्या अंगावर गजकर्ण होऊन उतरते. वुड्स दिव्याखाली हिरवट चमक दिसली तर ती केसाच्या दांड्यावर आहे की नुसत्या खपलीवर किंवा मलमावर, हे पाहावे. चमक दिसली नाही म्हणून बुरशी नाही असेही नव्हे. केस तुटके असतील किंवा घरात कोणाला चट्टे उठले असतील तर कल्चर लावलेच पाहिजे. मुंबई-पुण्याच्या दवाखान्यांत पर्शियन मांजरे नेहमीची झाली आहेत. या जातीत डोळे, नाक आणि हनुवटीभोवती काळा मेणचट थर साचणारा चेहऱ्याचा एक स्वतंत्र विकार असतो आणि तो मुरुमांत मोडत नाही. हनुवटी सुजली आहे पण काळे दाणे नाहीत, तेव्हा इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमा आणि दाताच्या मुळाचे गळू आठवावे. म्हाताऱ्या मांजरात एकच कडक, न भरणारी जखम दिसली तर बायॉप्सी घेण्यात दिरंगाई नको. आजवर स्वच्छ असलेली हनुवटी उतारवयात अचानक बिघडली, तर मधुमेह आणि एफआयव्ही-एफईएलव्हीची तपासणीही करावी.

नुसते कॉमेडोन असून मांजराला त्रास नसेल, तर काहीही न करणे हा पूर्ण आणि योग्य उपचार आहे. मालकाला हे पटवून देणे औषध लिहून देण्यापेक्षा अवघड असते, पण पटवावे. दाणे नखांनी पिळू नयेत हेही त्याच वेळी सांगावे, कारण पिळल्याने कूप आतल्या बाजूला फुटतो. दाणे वाढत असतील तर कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा दिवसातून दोनदा पाच मिनिटे हनुवटीला धरावा. त्यानंतर २ टक्के क्लोरहेक्सिडिन हळुवार टिपावे आणि जागा कोरडी करावी. बेंझॉइल पेरॉक्साइड कूप मोकळे करते, पण मांजरासाठी ते २.५ ते ३ टक्क्यांहून तीव्र नसावे. त्यानेही काहींची त्वचा भाजल्यासारखी लाल होते. ट्रेटिनॉइनचे सौम्य जेल हट्टी दाण्यांसाठी राखून ठेवावे आणि दिवसाआड लावावे. लावलेले काहीही सुकेपर्यंत चाटले जाऊ नये, म्हणून ते जेवणाच्या तोंडावर लावू नये.

स्लाइडवर संसर्ग दिसला तरच प्रतिजैविक द्यावे. मुपिरोसिनबद्दलचा बराचसा विश्वास १९९४ ते १९९६ मधल्या २५ मांजरांच्या एका खुल्या चाचणीतून आला आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत बहुतेक मांजरांना चांगला गुण आला. पण तिथे तुलनेसाठी औषधाविना गट नव्हता हे विसरू नये. माणसांत हे औषध मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसविरुद्ध वापरले जाते, त्यामुळे ते प्रत्येक काळ्या ठिपक्यावर उधळणे योग्य नाही. त्याच्या मलमात पॉलिइथिलीन ग्लायकॉल असते. मूत्रपिंड अधू असलेल्या मांजरात ते मोठ्या भागावर किंवा खोल जखमेवर लावणे टाळावे. खोल गळू असेल तर कल्चर करून तोंडावाटे औषध द्यावे. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलनेट १२.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो दर १२ तासांनी हा नेहमीचा आरंभ आहे. जखम वरून भरली म्हणजे आतून भरली असे नसते, त्यामुळे काही आठवडे औषध चालू ठेवावे लागते. संसर्ग आटोक्यात आल्यावरही सूज आणि वेदना फार असेल, तरच प्रेडनिसोलोन थोडे दिवस द्यावे.

दवाखान्यात येण्यापूर्वी मालकाने काय लावले आहे हे विचारल्याशिवाय यातले काहीही सुरू करू नये. औषधांच्या दुकानात सहज मिळणारी स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची मिश्र मलमे सर्वांत जास्त घोटाळा करतात. लाली दोन दिवसांत जाते, मालक खूश होतो आणि खालची बुरशी किंवा डेमोडेक्स निवांत पसरतो. मांजराच्या यकृतात ग्लुकुरोनिडेशनची क्षमता तोकडी असते, त्यामुळे फिनॉल-गटातली घरगुती जंतुनाशके आणि सॅलिसिलेट त्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत. टी-ट्री तेलानेही विषबाधा होते. हनुवटीला लावलेले पंज्याला लागते आणि पंजा चाटला जातो, हे मालकाला सांगितले की पटते.

फेरतपासणी तीन-चार आठवड्यांनी करावी आणि तेव्हाही स्लाइड करावी, कारण बरी दिसणारी हनुवटी स्लाइडवर बरी असतेच असे नाही. मालकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे की हे दुखणे आवरता येते, कायमचे घालवता येईलच असे नाही. हे आधी न सांगितल्यामुळे दुखणे पुन्हा उलटले की मालक डॉक्टर बदलतो आणि तिथे तेच मलम नव्याने सुरू होते. केसपेपरवर ‘मुरूम’ लिहिण्याआधी एक स्लाइड केली जावी, एवढीच व्यवसायबंधूंना आणि भगिनींना विनंती आहे.