वारं गेलं, वेळ घालवू नका!

आमच्या गल्लीतल्या काकांच्या अंगावरून तीन वर्षांपूर्वी वारं गेलं. डावा हात-पाय लुळा पडला. दवाखान्यातून घरी आणल्यावर काकूंनी पदर खोचला. फिजिओथेरपीचे व्यायाम दिवसातून तीन वेळा, न चुकता! आठ महिन्यांत काका काठी टेकत मारुतीच्या देवळापर्यंत जाऊ लागले. सगळ्यांनी काकूंचं कौतुक केलं.

मागच्या वर्षी तीच वेळ काकूंवर आली. पहाटे चहा ठेवताना हातातलं पातेलं पडलं, तोंड वाकडं झालं, जीभ वळेना. ‘पित्त झालं असेल’ म्हणून घरच्यांनी निजवलं. कुणी तेल चोळलं. मी धावत गेले आणि चमच्याने साखरपाणी पाजलं. मैत्रिणींनो, एवढी शिकलेली मी, पण ती चूक माझीच! अशा वेळी गिळता येत नसेल तर पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं, हे मला नंतर कळलं. जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत दुपार झाली होती.

बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, काही वेळा रक्तवाहिनी फुटते. कोणतं झालंय हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, म्हणून मनाने कुठलीही गोळी द्यायची नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. उपचाराविना जाणाऱ्या एकेका मिनिटाला मेंदूच्या सुमारे 19 लाख पेशी मरतात, असा हिशेब आहे. तेव्हा तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी घड्याळ बघा आणि 108 ला फोन करा. सीटी स्कॅन कुठे होतो, ते आजच विचारून ठेवा. त्रास आपोआप थांबला तरीही दाखवायलाच हवं.

पण मला खरं बोलायचंय ते पुढचं. काकू घरी आल्या. उजवी बाजू लुळी, बोलणं गेलेलं. फिजिओथेरपिस्ट पंधरा दिवस आले, मग बंद. का? ‘आता वय झालं, किती खर्च करायचा?’ काकूंचं वय 62. काकांना झटका आला तेव्हा ते 68 वर्षांचे होते. तेव्हा नाही कुणी वय काढलं!

घरची माणसं वाईट नाहीत. सून बिचारी कूस बदलणं, अंघोळ, स्वयंपाक, मुलांच्या शाळा यांत पिचून गेली होती. पण बाई आजारी पडली की तिची सेवा दुसऱ्या बाईनेच करायची, आणि तिला झेपलं नाही की उपचार थांबवायचे, हा कुठला न्याय? पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते. नेमके तेच महिने आपण वाया घालवतो. पुढेही सुधारणा होतच असते, फक्त चिकाटी लागते. काकूंना बोलता येत नव्हतं, पण समजत होतं सगळं. त्यांच्यासमोरच ‘आता काही खरं नाही’ म्हणणाऱ्यांना हे कोण सांगणार?

शेवटी मीच काकांना विचारलं, ‘‘काका, ते व्यायाम तुम्हाला पाठ असतील ना?’’ काका गप्प झाले. दुसऱ्या दिवसापासून काकूंच्या खाटेशी बसून आकडे मोजू लागले. मुलाने फिजिओथेरपिस्टना आठवड्यातून दोनदा बोलावलं. लुळा हात ओढून उठवायचं नाही, खांद्याला आधार द्यायचा, हे त्यांनी मुलाला शिकवलं. नातू पाटीवर चित्रं काढून त्यांची नावं म्हणून घेतो. रक्तदाबाची गोळी द्यायचं काम काकांचं.

काकू अजून चालत नाहीत. पण परवा मी गेले तर अडखळत म्हणाल्या, ‘‘च... चहा?’’ मला विचारत होत्या, घेणार का म्हणून!

माझं एवढंच म्हणणं आहे, जिने घरादाराला उभं केलं, तिला उभं करायला घरादाराने हात लावायला नको का?