बटण बंद केले म्हणजे झाले?

घरच्या घरी गिटारचा व्हॉल्व्ह-अँप्लिफायर बांधण्याचा नाद उत्तमच! १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातही फेंडर कंपनीचा बासमन समोर ठेवूनच पहिला अँप्लिफायर तयार झाला. माझा आक्षेप आहे तो प्लग काढताच दुरुस्तीसाठी आत हात घालण्याला. आतल्या कंडेन्सरवर ४०० व्होल्ट शिल्लक असू शकतात, आणि ते जीव घेऊ शकतात. ५० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरला २२० किलोओहमचा रोध समांतर जोडला, तर ५५ सेकंदांत ते ३ व्होल्टच्या आत येतात. पण रोधच तुटला असेल तर? मीटरने मोजल्याखेरीज हात लावू नये. हे गणित आम्ही शिक्षक फळ्यावर सोडवतो आणि पुसून टाकतो! त्यापेक्षा ९ व्होल्टची बॅटरी, १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, १० किलोओहमचा रोध, मीटर व घड्याळ विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे.